पिशवीने धरलेली जागा

मित्रांनो, झाकण उघडताना माझी बिजागरी जी कुरकुरते, तोच माझा राम राम समजा. मी एक जुना लॅपटॉप आहे. वय वर्षं अकरा. माणसांत अकरा म्हणजे पोरवय, आमच्यात मात्र काठी टेकत चालायचं वय. माझा पंखा धापा टाकतो. बॅटरी फुगून पोट वर आलं आहे. एका बटणाचं टोपण कधीच हरवलं, तिथे आता रबराचा टिकला तेवढा उरला आहे. तरी बोलायला अजून हरकत नाही, म्हणून बोलतो. चार्जिंगची वायर तेवढी हलवू नका, हलली की मी मध्येच विझतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटाखालच्या कागदावर छापलं होतं. तो कागद घासून घासून गेला. पहिली चार वर्षं मी नव्या मुंबईतल्या एका कचेरीत आकड्यांचे तक्ते भरले. तिथे मला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, एकशे बारा. पुढे कचेरीने नवे लॅपटॉप आणले आणि आम्हा चाळीस जणांना सुतळीने बांधून विकून टाकलं. मी खोपोलीच्या एका जुन्या मालाच्या दुकानात मिक्सर आणि इस्त्र्यांच्या शेजारी पडून राहिलो. अंगावर धूळ बसली. कुणी हात लावला तरी किंमत विचारून पुढे जायचा.

हिरामण आला तो कंपनीच्या गणवेशात. साजगावच्या एका कारखान्यात तो पॅकिंग खात्यात होता. घर कशेळ्याजवळच्या खेड्यात, बापाची थोडी भातशेती, शिक्षण बारावी. त्याने मला उघडलं, पडद्यावरची धूळ बाहीने पुसली आणि दुकानदाराला विचारलं, "यावर प्रोग्रॅम लिहिता येतात का ओ?"

दुकानदार म्हणाला, "तुला लिहिता येतात का, ते आधी सांग."

"नाय येत. शिकायचंय."

मित्रांनो, त्या तीन शब्दांवर मी त्याच्याबरोबर गेलो.

त्याला शिकवायला कुणी नव्हतं. मोबाइलवर फुकटचे धडे बघायचे आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर गिरवायचे. तो एक ओळ लिहायचा, मी लाल अक्षरांत चूक दाखवायचो. तो ती खोडायचा, मी दुसरी चूक दाखवायचो. शेजारी बसून भाकरी खाणारे सोबती म्हणायचे, "हिरामण, तुज्या त्या डब्यात भाजी कंची हाय रं? कवा बघावं तवा उघडून बसतो आन् उपाशीच उठतो." तो हसायचा आणि पुन्हा खाली मान घालायचा. तीन वर्षं अशी गेली. एका पावसाळ्यात पडवीचं कौल सरकलं आणि मी भिजलो, तेव्हा त्याच्या बायकोने, विनिताने, मला तांदळाच्या पिंपात दोन दिवस पुरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी सुरू झालो. फटींतून तांदळाचे दाणे पुढे महिनाभर गळत होते.

मग त्याला पुण्याच्या एका कंपनीने कामावर घेतलं. घरून काम. गावाने पेढे खाल्ले. आता सुखाचे दिवस येणार असं मलाही वाटलं होतं.

पण कारखान्यात भोंगा वाजायचा आणि काम संपायचं. या कामाला भोंगाच नव्हता. एक काम उरकलं की त्याच्या पोटातून दुसरं निघायचं. कानात इअरफोनची बोंडं घालून तो पडवीत बसलेला असे, आणि समोर शेतात त्याचे आईबाप कापणीला वाकलेले असत. येणारा-जाणारा विचारी, "आज सुट्टी का रं?" कुणी बंद पडलेला टीव्ही आणून ठेवी, कुणी सातबारा काढून मागे. तो सगळ्यांचं करून देई. नाही कसं म्हणायचं ते त्याला कुठल्याच धड्यात शिकवलं नव्हतं. मी दमलो की माझा पंखा ओरडतो, साऱ्या घराला कळतं. हिरामण दमायचा तेव्हा नुसता चष्मा काढून डोळ्यांवर तळहात ठेवायचा, आणि पुन्हा घालायचा.

त्या दिवसांत त्याने एकच गोष्ट स्वतःच्या मनाने केली. विनिता कर्जतला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज सकाळी कशेळ्याच्या नाक्यावरून जीपने जायची. ती जीप कशी चालते ते तुम्हाला सांगायला हवं. तिला वेळ नसते. दहा शिटं भरली की निघते. नऊ भरली तर दहाव्याची वाट बघत उभी राहते. विनिताचा कधी तास जायचा, कधी दीड. लॅबमध्ये बोलणी बसायची. एकदा घरी येऊन ती पायरीवरच बसली आणि म्हणाली, "सगळ्या जगाचे प्रोग्रॅम लिहिता. माज्या जीपचा लिवा की एखादा."

त्याने लिहिला. नाव ठेवलं 'जागा'. मोबाइल उघडायचा, कुठली जीप नंबरला लागली आहे ते बघायचं, घरून शीट धरायचं आणि भरत आली की निघायचं. जीपवाल्यांना त्याने एकेक करून समजावलं. नागू नावाचा ड्रायव्हर सगळ्यांत अवघड. तो म्हणाला, "म्हंजे आता माजी गाडी मोबाइल हाकणार? मग मी घरी झोपतो. डिझेल पन त्यालाच टाकाया सांग." पण आठवड्याभरात तोही वळला. शाळेतल्या मास्तरांनी, कॉलेजच्या मुलांनी 'जागा' उचलून धरली. ग्रामपंचायतीने हिरामणला शाल-श्रीफळ दिलं. दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळालं. इतक्या वर्षांत मला कुणी फूल वाहिलं नव्हतं. मी खरंच फुगलो, आणि तेव्हा माझी बॅटरी चांगली होती.

आता चूक सांगतो. ती त्याचीही होती आणि माझीही, कारण ती माझ्या पडद्यावर लिहिली गेली आणि या खेपेला मी लाल अक्षर उमटवलं नाही.

आमच्या भागात शीट धरायची एक जुनी रीत आहे. आधी यायचं, जागेवर आपली पिशवी ठेवायची आणि मग पाणी प्यायला, मीठमिरची घ्यायला खुशाल जायचं. पिशवी ठेवली म्हणजे माणूस बसलं. त्या पिशवीला कुणी हात लावत नाही. हिरामण लहानपणापासून हे बघत आला होता. बघून बघून ते इतकं अंगवळणी पडलं होतं की प्रोग्रॅम लिहिताना त्याला आठवलंच नाही. 'जागा'ला फक्त मोबाइलवाले दिसायचे.

सोनुबाईकडे मोबाइल नव्हता. कशेळ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला तिचं घर. सत्तरीची एकटी बाई. उजवा डोळा पार गेलेला, डाव्यावर मोतीबिंदू. डाव्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पनवेलच्या दवाखान्याची गाडी दीड महिन्यातून एकदा, सोमवारी साडेआठला, कर्जतच्या स्टँडवरून पेशंट घेऊन जायची. त्या सोमवारी सोनुबाई सगळ्यांच्या आधी नाक्यावर आली, नागूच्या जीपमध्ये तांबड्या नाडीची कापडी पिशवी ठेवली आणि बिस्किटाचा पुडा घ्यायला गेली. इतक्यात दहा शिटं भरल्याचं नागूच्या मोबाइलने सांगितलं. माणसं आली, बसली. एक पिशवी जास्त झाली. नागूने ती उचलून चहाच्या टपरीवर ठेवली आणि गाडी काढली.

पुढची जीप भरायला सव्वा तास लागला. सोनुबाई कर्जतला पोचली तेव्हा दवाखान्याची गाडी गेली होती.

संध्याकाळी विनिता घरी आली ती चप्पल न काढताच पडवीत उभी राहिली.

"माज्या शिटावर पिशवी होती," ती म्हणाली.

हिरामण माझ्यावर काहीतरी टाइप करत होता. "कोणाची?"

"वरच्या सोनुबायची. आत्ता टपरीवाल्यानं सांगितलं. तिच्या डोळ्याची गाडी चुकली ओ. मी तिच्या जागेवर बसून गेले."

"तू बुक केलं होतंस ना? सिस्टीममध्ये तुझंच नाव होतं."

"सिष्टीममधी माजं नाव होतं. शिटावर तिची पिशवी होती. तुमीच सांगा आता, शीट कोणाचं?"

त्याने चष्मा काढला आणि डोळ्यांवर तळहात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नाक्यावर गेली. मी हिरामणच्या पाठीवरच्या बॅगेत होतो. सोनुबाई तिथेच होती, टपरीच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन.

"मावशे, आज कुटं निघालीस गं?" विनिताने विचारलं.

"कालची गाडी आज येते का बघाया आले," सोनुबाई म्हणाली.

नागू बॉनेट पुसत होता. त्याने फडकं मुद्दाम जोरात झटकलं. "मावशे, माज्यावर डाफरू नको. मला मोबाइलनं सांगितलं ते मी केलं. विचार या साहेबाला, मोबाइलला यानंच शिकवलंय."

"तू रं? हिरामण ना तू? तुज्या आजीला वळखत होते मी." तिने मान तिरकी करून डाव्या डोळ्याने त्याच्याकडे बघायचा यत्न केला. "यंत्र कुटं हाय तुजं?"

त्याने मला बाहेर काढलं, जीपच्या बॉनेटवर ठेवून उघडलं. पडद्यावर दहा चौकोन, दहा नावं. तिने तोंड इतकं जवळ आणलं की तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला.

"माजी पिशवी यात कुटं हाय, ती दाव."

मित्रांनो, माझ्या पोटात हजारो फाइली आहेत. कचेरीचे जुने तक्ते आहेत, पुण्याच्या कंपनीचे हिशेब आहेत, हिरामणने तीन वर्षं गिरवलेले धडे आहेत. तिची पिशवी कुठेच नव्हती.

"नाय मावशे यात," हिरामण म्हणाला.

"मग हे बघून गाडी कशी सोडली?" ती रागावली नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "उजवा गेलेलाच हाय रं. डाव्यातनं नाचणीचं पीठ आन् चुना सारकाच दिसतो. लेक म्हणतो, एवढं ऑपरेशन होऊ दे, नायतर सरळ मोहोपाड्याला चल. त्याची कंपनीची खोली हाय तितं. मी काय करू त्या खोलीत? खिडकीत बसून धुराडी बघू? ती पन दिसायची नायत, नुसता वास!"

टपरीवरची माणसं हसली. तीही हसली. विनिता हसली नाही.

हिरामणने तिथेच, बॉनेटवर वाकून, घरून शीट धरायची सोय बंद केली. एक ओळ खोडली, बस्. तीन महिने खपून केलेलं काम एका ओळीने बंद पडतं. ते मला नेहमीच जरा भीतिदायक वाटत आलं आहे.

मग तो तिला घेऊन नागूच्या जीपमध्ये बसला. दवाखान्याच्या माणसाचं कर्जतला एक टेबल होतं, तिथे पुढच्या खेपेला नाव लागतं का ते बघायचं होतं. वाटेत पुण्याहून रोजच्या बैठकीची वेळ झाली. त्याने मला मांडीवर उघडलं, मोबाइलचं नेट जोडलं. पडद्यावर साहेब आले.

"हिरामण, तू हलतोयस का? आणि मागे कोण आहे?"

"मी सोनुबाय," ती पुढे होऊन म्हणाली. "आमी कर्जतला चाललोय. तुमी जेवलात का?"

"नाही अजून," साहेब म्हणाले, आणि मग नेट गेलं.

बैठक बुडाली. हिरामणने मला मिटलं. जीप खड्ड्यांतून उडत होती आणि माझ्या झाकणावर पिशवी ठेवून सोनुबाई आपल्याशीच गुणगुणत होती:

"जीप निघाली निघाली, मागं राहिलं गं रान,
माझ्या डोळ्यांच्या दारात धुकं मांडून बसलं ठाण."

मी आतून ऐकलं. हिरामणनेही ऐकलं असावं, कारण त्याचा गुडघा हलायचा थांबला.

नाव लागलं. तारीख दीड महिन्यानंतरची, पुन्हा सोमवार. टेबलावरच्या मुलीने बजावलं, "आजी, या खेपेला चुकलात तर पुढच्या खेपा भरल्यात, मग थेट पावसाळ्यानंतर बघू. डोळा तेवढा थांबेल की नाही, सांगता येत नाही."

तो दीड महिना सोपा गेला नाही. घरून शीट धरता येईना म्हणून मास्तर चिडले, कॉलेजची मुलं चिडली. "चालू गाडी यानंच बंद पाडली," असं लोक म्हणायला लागले. नागू म्हणाला, "हिरामण, पंचायतवाले शाल परत न्यायला आले का रं? थंडी संपल्यावर दे बाबा." विनिता पुन्हा रोज तासभर नाक्यावर उभी राहू लागली. एका शब्दाने तिने तक्रार केली नाही आणि तेच हिरामणला जास्त लागत असावं. पुण्याच्या कंपनीने त्याला नवा, चकचकीत लॅपटॉप पाठवला. तिथलं काम त्यावर गेलं. माझ्याकडे राहिली ती फक्त 'जागा'.

काम आटोपलं की तो माझ्याकडे यायचा. तेव्हा त्याच्या खांद्यांतलं सगळं बळ दुसरीकडे खर्च झालेलं असायचं. दहा-पंधरा मिनिटं काहीतरी लिहायचा, तसाच बसून राहायचा. एकदा विनिताला म्हणाला, "माणसाला मोबाइल दिला की झालं असं मला वाटायचं गं. आता वाटतं, मोबाइल नसलेल्याला आधी बघायला पाहिजे, मग बाकीचं."

"मग बगा की," ती म्हणाली. "बसलात कशाला?"

नवी 'जागा' अगदी साधी होती. घरून शीट धरता येत नव्हतं. नुसतं दिसायचं, कुठल्या जीपमध्ये किती भरलं. मोजायचं काम ड्रायव्हरचं. त्याच्या मोबाइलवर एकच मोठं बटण, माणूस बसलं की एकदा दाबायचं. आणि कुणी पिशवी ठेवली तरी एकदा दाबायचं, तसंच, तितकंच. यंत्राला दोन्ही सारखीच. पहिले आठ दिवस नागू बटण दाबायला विसरायचा. मग विनिता नाक्यावर उभी असल्यामुळे, तीच ओरडून आठवण करू लागली.

तो सोमवार आला. हिरामण मला घेऊन नाक्यावर आला होता. गाडी सुटेपर्यंत सगळं नीट चालतं का हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. नऊ माणसं बसली होती, त्यांत विनिताही. मधल्या बाकावर तांबड्या नाडीची पिशवी. माझ्या पडद्यावर दहापैकी दहा. सोनुबाईचा पत्ता नव्हता.

पावणेआठ झाले. कर्जतला अर्धा तास लागतो. एक स्वच्छ शर्टवाला गृहस्थ आला, कुठल्याशा फार्महाऊसच्या जागेचं काम बघणारा. "एक सीट रिकामी आहे की," म्हणत त्याने दार उघडलं.

"रिकामी नाय," नागू म्हणाला. "बाय बसलीय तितं."

"कुठे? पिशवी आहे ही."

"तीच ती. बसलीय ती."

"अरे, पिशवीला कसली घाई? मी डबल देतो."

"डबल दिलं तरी बायच्या मांडीवर बसाया लागंल साहेब, आन् ती चिडकी हाय."

सगळे हसले. पण आठ वाजत आले तसं हसू विरत गेलं. मागच्या बाकावरचा एक मास्तर म्हणाला, "नागू, माझी गाडी चुकेल रे पुढची." नागूने हॉर्न दिला. हिरामण माझ्या पडद्याकडे बघत होता. दहापैकी दहा. त्यातली एक पिशवी, आणि पिशवीच्या मालकिणीला डोळा नाही. मी काय सांगणार? मला जितकं शिकवलं तितकंच मला दिसतं.

विनिता झटक्यात खाली उतरली. पाण्याच्या पंपावर गेली, दुकानात गेली. मग उलट्या बाजूला मुरबाडच्या जीपमध्ये डोकावली आणि तिची हाक साऱ्या नाक्याला ऐकू गेली.

"अगं मावशे! तू इकडं काय करतेस गं?"

"बसलेय की कवाची," आतून सोनुबाईचा आवाज आला. "डाक्टरनं तोंड धुऊन या म्हणून सांगितलं, म्हणून पंपावर गेले. परत आले तर पिशवी सापडंना. म्हटलं, नेली कुणीतरी पुन्यांदा. गाडी हलत का नाय?"

"ही मुरबाडला जाते गं! तुजी पिशवी तिकडं कर्जतच्या गाडीत बसलीय, वाट बघत!"

विनिताने तिला हाताला धरून आणलं. शर्टवाला गृहस्थ बाजूला झाला, इतकंच नव्हे तर त्याने तिला चढायला कोपर दिलं. सोनुबाईने चाचपून पिशवी शोधली, उचलून मांडीवर घेतली आणि ती पिशवीच्या जागेवर बसली. नागूने गियर टाकला. आठ वाजून दोन मिनिटं. हिरामण नाक्यावरच राहिला, मला छातीशी धरून. जीप वळणाआड गेली तरी तो तसाच उभा होता.

दुपारी विनिताचा फोन आला. दवाखान्याची गाडी मिळाली होती, गाडीतला माणूस दार ओढतच होता. हिरामण पडवीत बसला आणि त्याने पहिल्यांदाच पुण्याच्या कंपनीला कळवलं की आज अर्धा दिवस सुट्टी. मग भिंतीला टेकून झोपला. त्याला दिवसाउजेडी झोपलेला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला.

सोनुबाई डोंगराच्या पायथ्यालाच राहते. काळा चष्मा लावून नाचणी निवडते, असं नागू सांगतो.

मित्रांनो, आता माझे थोडेच दिवस उरलेत. बॅटरी एक दिवस काढून टाकावी लागेल. तेव्हा मला कचऱ्यात फेकू नका. जुनी यंत्रं घेणाऱ्याकडे द्या, माझ्यातलं तांबं आणि लोखंड कुणाच्या तरी उपयोगी पडेल. धूळ मऊ फडक्याने पुसा, ओला हात लावू नका, तापलो तर थोडं थांबा. आणि माझ्यापुढे बसणाऱ्या माणसालाही थोडं थांबू द्या. त्याला पंखा नसतो, त्याचं तापणं ऐकू येत नाही.

एवढं झालं की आणखी एक करा. माझ्या पडद्यावर जागा भरली दिसो की रिकामी, एकदा मान वर करून शेजारी बघा. तिथे कुणाची पिशवी असेल तर ती उचलण्याआधी मोठ्याने विचारा, "ही कोणाची हो?" आणि उत्तर येईपर्यंत गाडी सोडू नका.